कुलूप लावल्यानंतर बंद पडलेले व्हिडिओ : एका डिजिटल दिवाळी अंकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

दादरमधून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या डिजिटल आवृत्तीचे तांत्रिक काम मी गेली काही वर्षे पाहतो. अंकाचे, संपादकांचे आणि वाचकांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. बिघाड कोणता होता, तो कसा सापडला आणि कोणत्या टप्प्यावर आमचे काय चुकले, हे मात्र जसे घडले तसेच लिहिले आहे.

१९०९ साली का. र. मित्र यांनी मुंबईतून ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा छपाईच्या बळावर चालत आली आहे. आमच्या अंकाचाही मुख्य वाचक छापील प्रतीचाच आहे. डिजिटल आवृत्ती सुरू झाली ती परगावी आणि परदेशी राहणाऱ्या वर्गणीदारांसाठी, पण आता मुंबईतले वाचकही लोकलमधून जाता-येता मोबाइलवर अंक वाचतात. ही आवृत्ती म्हणजे छापील पानांची पीडीएफ नव्हे. ती पान उलटल्याचा आभास देणारी वेबपृष्ठांची मालिका आहे आणि प्रत्येक वर्गणीदाराला तिची स्वतंत्र लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने जाते. त्या लिंकमध्येच वर्गणीदाराची ओळख पटवणारा एक लांबलचक संकेत असतो, ज्याला आम्ही टोकन म्हणतो.

त्या वर्षीच्या अंकात सात व्हिडिओ होते. त्यांतले तीन यूट्यूबवरून एम्बेड केलेले, म्हणजे यूट्यूबवरच राहून आमच्या पानात दिसणारे होते : एका गायिकेची बंदिश, दशावताराचा एक प्रवेश आणि एका संस्थेने जतन केलेले जुने व्याख्यान. उरलेले चार आमचे स्वतःचे असून ते आमच्याच सर्व्हरवर ठेवलेले होते. त्यांत वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील नारळी पौर्णिमा होती, एका कवयित्रीचे काव्यवाचन होते, अनारशांची कृती होती, आणि अंकाचा कणा म्हणता येईल अशी एका निवृत्त गिरणी कामगाराची १४ मिनिटांची मुलाखत होती. हे गृहस्थ लालबागच्या एका गिरणीत सूतकताई खात्यात कामाला होते आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांची नोकरी गेली ती परत मिळाली नाही. मुलाखतीत एके ठिकाणी ते हातांनी दाखवतात की धावत्या साच्यावर तुटलेला धागा कसा जोडत. छापील लेखात या जागी छायाचित्र होते. डिजिटल लेखात संपादकबाईंनी ‘ते कसे, हे खाली पाहा’ एवढेच वाक्य ठेवले होते, कारण त्याखाली व्हिडिओ होता. व्हिडिओ चालला नाही तर लेखाला नेमके तेथेच भोक पडणार होते, हे पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी होते.

कार्यालयात आणखी एक जुनी सल होती. काही वर्षांपूर्वीच्या डिजिटल अंकांतले व्हिडिओ फ्लॅशवर बेतलेले होते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि ते व्हिडिओ कायमचे मुके झाले. तेव्हापासून ‘आपल्या वस्तू आपल्याच घरात’ हा संपादकबाईंचा आग्रह होता आणि म्हणूनच स्वतःचे व्हिडिओ आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले होते.

बिघाड कसा समोर आला

अंक वसुबारसेच्या संध्याकाळी सहा वाजता वर्गणीदारांकडे गेला. पहिला फोन अर्ध्या-पाऊण तासात आला आणि रात्री दहापर्यंत कार्यालयाचा फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप थांबले नाही. सगळ्या निरोपांचे सार ‘व्हिडिओ चालत नाही’ असे काढता आले असते आणि आम्ही ते तसेच काढले. ही आमची पहिली चूक होती, कारण वाचक प्रत्यक्षात वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते. कोणी लिहिले होते, ‘नुसतं गोल गोल फिरतंय.’ कोणी लिहिले होते, ‘त्रिकोणावर काट मारलेली दिसते.’ एका भगिनींनी पडद्याचे छायाचित्रच पाठवले होते, ज्यात यूट्यूबच्या काळ्या चौकटीत त्रुटी क्रमांक १५३ स्पष्ट दिसत होता. विलेपार्ल्याच्या एका वाचकाची तक्रार व्हिडिओची नव्हतीच. त्यांचे म्हणणे होते की पानेच फार हळू उघडत आहेत.

या सगळ्यांना आम्ही एकच ठरीव उत्तर पाठवले : ब्राउझरची साठवण पुसून टाका, ब्राउझर अद्ययावत करा, मग पुन्हा पाहा. हे उत्तर आम्ही बिघाड एकदाही स्वतः पाहिलेला नसताना दिले. कार्यालयातल्या संगणकावर आमचे स्वतःचे चारही व्हिडिओ सुरळीत चालत होते, त्यामुळे दोष वाचकाच्या बाजूला असणार, असे आम्ही गृहीत धरले. त्या रात्री किती ज्येष्ठ वाचकांनी नातवंडांना बोलावून फोनमध्ये नको ते पुसून टाकले असेल, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

पहिल्या रात्रीचे पर्याय

रात्री साडेदहाला संपादकबाई, माझा तरुण सहकारी आणि मी असे तिघे बोलायला बसलो. अंक मागे घेऊन दुरुस्तीनंतर पुन्हा पाठवणे हा एक पर्याय होता, पण मजकूर सर्वांना नीट वाचता येत होता आणि ऐन दिवाळीत अंक मागे घेणे म्हणजे वाचकाच्या हातचे पुस्तक काढून घेण्यासारखे होते. तो आम्ही लगेच सोडला.

सहकाऱ्याचा पर्याय अधिक मोहाचा होता. आपले चारही व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ म्हणून चढवावेत आणि तेथून एम्बेड करावेत, म्हणजे निरनिराळ्या फोनांची चिंता यूट्यूब करील, असे त्याचे म्हणणे होते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होते, कारण चढवलेल्या फाईलच्या अनेक आवृत्त्या तयार करून ज्याला जी झेपेल ती देणे हे काम अशा सेवा उत्तम करतात. तरीही दोन गोष्टी आड आल्या. यूट्यूबचे आमचे तीन व्हिडिओही त्रुटी दाखवत होते आणि त्याचे कारण ठाऊक नसताना उरलेले चार त्याच वाटेने पाठवणे धोक्याचे होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. मुलाखत देणाऱ्या काकांनी लेखी संमती दिली होती ती अंकाच्या वर्गणीदारांपुरती, आणि अनलिस्टेड व्हिडिओ ज्याच्या हाती लिंक पडेल त्या कोणालाही पाहता येतो. रात्री अकराला त्यांना फोन करून संमती वाढवून मागणे संपादकबाईंना योग्य वाटले नाही. त्या म्हणाल्या, “त्यांनी विश्वासाने बोलून दिलंय. आपल्या अडचणीसाठी त्यांच्या शब्दाला ताण द्यायचा नाही.” हा निर्णय मला तेव्हा गैरसोयीचा वाटला होता. आज तो त्या रात्रीचा सर्वांत नीट विचार केलेला निर्णय वाटतो.

शेवटी ठरले ते असे की व्हिडिओंच्या जागी तात्पुरते स्थिर चित्र ठेवावे, त्याखाली ‘हा व्हिडिओ दुरुस्तीसाठी थांबवला आहे, दोष आमच्याकडचा आहे’ असे स्पष्ट लिहावे, आणि सकाळपासून कारणाचा शोध घ्यावा. ‘दोष आमच्याकडचा आहे’ हे शब्द संपादकबाईंनी घातले. तोपर्यंत आम्हाला ते सिद्ध झालेले नव्हते, पण ते खरे ठरले.

तक्रारींची वही आणि गिरगावची भेट

सकाळी मी रात्रीचे सगळे निरोप पुन्हा वाचले आणि वहीत चार रकाने आखले : फोन किंवा संगणक कोणता, ब्राउझर कोणता, व्हिडिओ कोणता, आणि पडद्यावर नेमके काय दिसते. जेथे माहिती नव्हती तेथे वाचकांना पुन्हा विचारले. दोन तासांत चित्र पालटले. आयफोन आणि आयपॅडवर आमचे चारही व्हिडिओ अजिबात सुरू होत नव्हते. अँड्रॉइड फोन आणि संगणकावर त्यांपैकी तीन उशिरा का होईना सुरू होत होते, मुलाखत मात्र फिरतच राहत होती. यूट्यूबचे तिन्ही व्हिडिओ सर्वच ठिकाणी बंद होते. रात्रभर ज्याला आम्ही एक बिघाड समजत होतो ते निदान तीन वेगळे बिघाड होते.

आमच्याकडे ना आयफोन होता ना आयपॅड. मुलाखतीचे चित्रण एका मित्राच्या आयफोनवर झाले होते आणि तो त्या दिवसांत मुंबईबाहेर होता. म्हणून तक्रार केलेल्या वाचकांपैकी गिरगावात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना फोन केला. त्यांनी लगेच या म्हटले. आयफोनवर काट मारलेला त्रिकोण दाखवणारी पाने सर्व्हरवर वेगळी चालू ठेवून मी चर्नी रोडला उतरलो. चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सरांनी आयपॅड चकलीच्या डब्याला टेकवून उभा केला होता, शेजारी चष्मा आणि वही होती. वहीत त्यांनी प्रत्येक व्हिडिओपुढे फुली मारून वेळ लिहिली होती. मला बसवून ते म्हणाले, “काल तीनदा दाबून पाहिलं. माझंच काही चुकत असेल, या वयात बोट नीट बसत नाही.” मी त्यांना सांगितले की बोट बरोबर बसते आहे. त्यांनी पुन्हा दाबले, काळ्या चौकटीत त्रिकोण आला आणि क्षणभरात त्यावर तिरकी रेघ उमटली. त्याच वेळी मी मांडीवरच्या लॅपटॉपवर सर्व्हरची नोंद पाहत होतो.

या नोंदीत ब्राउझरने फाईलचा कोणता भाग मागितला हे एरवी येत नाही. ते यावे अशी सोय मी निघण्यापूर्वी करून ठेवली होती आणि सारे उत्तर तेथेच मिळाले. सफारी ब्राउझर व्हिडिओची सबंध फाईल आधी मागत नाही. तो पहिल्यांदा फक्त पहिले दोन बाइट मागतो आणि पाहतो की हा सर्व्हर मागेल तेवढा तुकडा देऊ शकतो की नाही. सर्व्हरने ‘२०६’ या संकेताने दोनच बाइट दिले तर तो पुढे जातो. आमच्या सर्व्हरने दर वेळी ‘२००’ म्हणत सबंध फाईल पाठवायला सुरुवात केली होती आणि आयपॅडने दर वेळी जोडणी तोडून टाकली होती. सरांनी तीनदा दाबले तेव्हा नोंदीत तशाच तीन ओळी उमटल्या.

कुलूप कोठे लागले होते

व्हिडिओंची चाचणी आम्ही अंक निघण्याच्या आठवडाभर आधी केली होती आणि तेव्हा ते आयफोनवरही चालले होते. मग मधल्या काळात काय बदलले, याचा शोध घेताना दोन बदल सापडले. दोन्ही बदल अंक निघण्याच्या आदल्या संध्याकाळी केलेले होते, आणि दोन्ही हेतूने चांगले होते.

पहिला बदल वर्गणीदारांपुरते कुलूप. व्हिडिओच्या फाईलचा थेट पत्ता कोणाला मिळू नये म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली होती. ती टोकन तपासून फाईल वाचत असे आणि वाचकाकडे पाठवत असे. चाचणीच्या वेळी फाईल वेब सर्व्हर स्वतः देत होता, आणि मागितलेला तुकडा देणे हे वेब सर्व्हरला मुळातच येते. माझ्या स्क्रिप्टला ते येत नव्हते. ती मागणीतला तो भाग वाचतच नव्हती. शिवाय जितके वाचक व्हिडिओची वाट पाहत होते तितक्या वेळा ही स्क्रिप्ट एकेक फाईल धरून बसली होती, त्यामुळे पाने देणारी यंत्रणाही तुंबली. विलेपार्ल्याच्या वाचकाची पाने हळू का उघडत होती, त्याचा उलगडा असा झाला.

याच स्क्रिप्टमुळे अँड्रॉइडवरचा विलंबही समजला. एमपीफोर फाईलमध्ये ‘मूव्ह’ नावाचा एक भाग असतो, ज्यात कोणते दृश्य फाईलमध्ये कोठे आहे याची सूची असते. फोनवर चित्रित केलेल्या आणि अनेकदा संकलन करून काढलेल्या फाईलींत ही सूची शेवटी असते. सर्व्हर तुकडे देत असेल तर ब्राउझर शेवटचा तुकडा आधी मागून सूची वाचतो आणि लगेच व्हिडिओ सुरू करतो. तुकडे मिळत नसतील तर सूची हाती येईपर्यंत सबंध फाईल उतरवावी लागते. काव्यवाचनाची फाईल लहान होती म्हणून ते उशिरा का होईना सुरू झाले. मुलाखतीची फाईल मात्र सुमारे ८५० मेगाबाइटची होती. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या वाचकाचा निम्म्याहून अधिक डेटा एक दृश्यही न दिसता खर्च झाला असणार, आणि तो आम्ही परत देऊ शकत नव्हतो.

कार्यालयात आमचे चारही व्हिडिओ का चालत होते, तेही आता उघड होते. आमच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये कुलपाआधीच्या चाचणीतल्या फाईली साठवलेल्या होत्या. आम्ही रात्रभर जुनेच व्हिडिओ पाहत होतो.

दुरुस्ती, आणि तिच्याखालून निघालेला दुसरा बिघाड

येथे दोन मार्ग होते. स्क्रिप्टला तुकडे द्यायला शिकवणे शक्य होते, पण ते नीट लिहिणे दिसते तितके सोपे नाही आणि घाईत नवी चूक होण्याचा संभव होता. दुसरा मार्ग असा की स्क्रिप्टने फक्त परवानगी तपासावी आणि फाईल देण्याचे काम वेब सर्व्हरकडे परत सोपवावे. आमचा सर्व्हर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर चालतो आणि त्यात यासाठी ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट’ ही सोय तयार आहे. आम्ही तीच वापरली. धनत्रयोदशीच्या दुपारी बदल झाला. कर्ल या साधनाने पहिले दोन बाइट मागून पाहिले, तेव्हा ‘२०६’ आणि दोनच बाइट आले. सरांना फोन केला. त्यांनी दाबले आणि फोनवरच मला मुलाखतीचा आवाज ऐकू आला.

तासाभरात मुलुंडहून निरोप आला : आता आवाज येतो, पण चित्र काळेच आहे. असेच आणखी काही निरोप आले, सगळे संगणकावरून आणि सगळे मुलाखतीबद्दल. काहींना वाटले की आमच्या दुरुस्तीने बिघाड वाढवला. खरे पाहता आधीच्या बिघाडाने हा दुसरा बिघाड झाकला होता. फाईल सुरूच होत नव्हती तोवर तिच्यात काय आहे हे कोणाला दिसणार नव्हते.

एफएफप्रोब या साधनाने फाईल तपासली तेव्हा ती एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ पद्धतीने संकोचित केलेली निघाली. अलीकडचे आयफोन सर्वसाधारण सेटिंगवर याच पद्धतीने चित्रण करतात. त्यामुळे जागा वाचते, पण सर्वच संगणकांना आणि ब्राउझरांना ती उलगडता येत नाही. आवाज मात्र वेगळ्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत असतो, म्हणून तो ऐकू येतो आणि चित्र काळे राहते. मी सहकाऱ्याला विचारले. तो म्हणाला, “दादा, मी तर एमपीफोर करून दिली होती.” त्याने फाईलच्या नावापुढचे ‘एमओव्ही’ खोडून ‘एमपीफोर’ लिहिले होते. डब्यावरची चिठ्ठी बदलली होती, आतला माल तोच होता. यात त्याला दोष देता येत नाही. कोणत्या स्वरूपात फाईल हवी हे मी त्याला कधी लिहून दिले नव्हते, आणि त्याच्या लॅपटॉपवर ती फाईल बदललेल्या नावानेही चालत होती.

रूपांतर करतानाही एकदा मागे फिरावे लागले. एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनाने एच.२६४ या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत पहिली फाईल काढली ती कार्यालयातल्या संगणकावर चालली, पण माझ्या अँड्रॉइड फोनवर चालली नाही, आणि काकांचा चेहरा फिका, धुरकट दिसू लागला. मूळ चित्रण एचडीआर प्रकारचे, म्हणजे उजेड-अंधाराच्या अधिक छटा टिपणारे, दहा बिटांचे होते. रूपांतरात दहा बिट तसेच राहिले, आणि एच.२६४ ची अशी फाईल बहुतेक फोनांना झेपत नाही. रंगांचा ताळमेळही साध्या पडद्यासाठी बसवून घेतलेला नव्हता. दुसऱ्या खेपेला आठ बिटांचे ‘वाययूव्ही ४२०’ स्वरूप सक्तीने मागितले, एचडीआरचे रंग साध्या पडद्यासाठी उतरवून घेतले, चित्राची उंची ७२० पिक्सेल ठेवली आणि ‘फास्टस्टार्ट’ या पर्यायाने सूची फाईलच्या सुरुवातीला आणली. ८५० मेगाबाइटची फाईल सुमारे १३५ वर आली. काकांच्या हातावरच्या शिरा आणि बोटांतला धागा दोन्ही नीट दिसतात की नाही, हे संपादकबाईंनी स्वतः फोनवर पाहून घेतले आणि मगच होकार दिला. उरलेल्या तीन फाईली आधीपासून एच.२६४ मध्येच होत्या. त्यांची फक्त सूची पुढे आणली. त्यासाठी पुन्हा संकोचन करावे लागत नाही आणि काम काही सेकंदांत होते.

यूट्यूबचे तीन व्हिडिओ

आदल्या संध्याकाळचा दुसरा बदल येथे आडवा आला होता. एका पानावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे मागणी जाते तेव्हा ब्राउझर ‘मी कोठून आलो’ हे रेफरर नावाच्या नोंदीत सांगतो. आमच्या लिंकमध्ये टोकन असल्यामुळे ते बाहेर जाईल या भीतीने मी सर्व पानांवर ‘नो-रेफरर’ हे धोरण लावले होते. एम्बेड केलेला व्हिडिओ कोणत्या संकेतस्थळावर चालतो आहे हे यूट्यूबला कळावे लागते. ते कळले नाही तर त्रुटी १५३ येते. त्या भगिनींनी पाठवलेल्या छायाचित्रात पहिल्याच रात्री याचे उत्तर होते, आणि आम्ही ते क्रमांक न वाचता ‘व्हिडिओ चालत नाही’ या ढिगात टाकले होते.

धोरण पूर्ण काढून टाकणे हा सोपा उपाय होता, पण वर्गणीदाराचे टोकन जपणे ही आमची जबाबदारी होती. म्हणून पानांचे धोरण तसेच ठेवून फक्त यूट्यूबचा व्हिडिओ दाखवणाऱ्या चौकटीवर, म्हणजे आयफ्रेमवर, ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ हे वेगळे धोरण लावले. त्यात बाहेर जाते ते केवळ संकेतस्थळाचे नाव, लिंकचा उरलेला भाग आणि टोकन जात नाही. बंदिश आणि दशावतार लगेच सुरू झाले.

व्याख्यान मात्र सुरू झाले नाही. त्रुटी १५३ गेली आणि तिच्या जागी, व्हिडिओच्या मालकाने इतर संकेतस्थळांवर तो चालवण्यास परवानगी दिलेली नाही, अशी सूचना आली. हा व्हिडिओ सर्वांत शेवटी निवडला होता आणि आम्ही तो यूट्यूबवरच उघडून पाहिला होता, आमच्या पानात बसवून नव्हे. फाईल उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवावी अशी सूचना कोणीतरी केली, ती संपादकबाईंनी मान्य केली नाही. त्यांनी संस्थेला पत्र लिहिले, आणि उत्तर येईपर्यंत त्या जागी व्याख्यानाचा परिचय देणारा परिच्छेद आणि यूट्यूबची साधी लिंक ठेवली. भाऊबीजेनंतर उत्तर आले : संस्थेला आपला संग्रह आपल्याच पानावर पाहिला जावा असे वाटते. तो त्यांचा हक्क होता आणि आम्ही लिंकच कायम ठेवली.

निष्पत्ती

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सात व्हिडिओंपैकी सहा आम्ही तपासलेल्या सर्व फोनांवर आणि संगणकांवर चालू होते. त्या दिवशी वर्गणीदारांना दुसरा निरोप पाठवला. त्यात काय बिघडले होते हे चार ओळींत सांगितले आणि पहिल्या रात्रीच्या ठरीव उत्तराबद्दल क्षमा मागितली. छापील अंकातील क्यूआर कोड आम्ही आमच्याच ताब्यातल्या मधल्या पत्त्यावर नेले होते, त्यामुळे छापून गेलेल्या प्रतींत काही बदलावे लागले नाही. वेगळ्या सोयीसाठी पूर्वी केलेली ही तजवीज या वेळी अनपेक्षितपणे उपयोगी पडली.

दुरुस्तीच्या ओघात एक लहान दोषही निघाला. पान उलटले तरी मागच्या पानावरची बंदिश चालूच राहत होती, कारण उलटलेले पान पडद्याआड जाते, बंद होत नाही. पान सोडताना व्हिडिओ थांबवण्याची आज्ञा घातल्यावर तो गेला.

वेगळे काय करता आले असते

चाचणी वाचक ज्या दाराने येतो त्याच दाराने व्हायला हवी होती. आम्ही व्हिडिओ तपासले ते कुलूप नसलेल्या घरात, आणि वाचक आले ते कुलपातून. आता अंक निघण्याच्या तीन दिवस आधी सर्व बदल थांबवतो आणि मग खऱ्या वर्गणीदाराचीच लिंक घेऊन, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, प्रत्येक व्हिडिओ सुरुवातीपासून आणि मधूनही चालवून पाहतो. त्यासाठी एक जुना आयफोन विकत घेतला आहे. एक जुना विंडोज लॅपटॉप टाकून देण्यासाठी काढला होता, तो मुद्दाम ठेवून घेतला आहे. आदल्या संध्याकाळी सुरक्षेसाठी काही बदल करावाच लागला तर अंक एक दिवस उशिरा निघाला तरी चालेल, हे संपादकबाईंनी मान्य केले आहे. दिवाळी अंकाच्या बाबतीत ही सवलत किती मोठी आहे हे या व्यवसायातल्यांना सांगायला नको.

पहिल्या रात्री सल्ला देण्याऐवजी प्रश्न विचारायला हवा होता. ‘तुम्हाला नेमके काय दिसते? शक्य असल्यास पडद्याचे छायाचित्र पाठवा’ एवढे लिहिले असते तर यूट्यूबचा दोष त्याच रात्री तासाभरात सुटला असता. वहीतले चार रकाने आता कार्यालयाच्या फोनशेजारी छापून लावले आहेत.

टोकन लिंकमध्येच राहू देणे हेही मुळातून चुकीचे होते, कारण रेफररची सगळी भीती त्यातूनच आली. पहिल्या भेटीत टोकन तपासून त्याऐवजी ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, ठेवावी आणि पत्त्यातून टोकन काढून टाकावे, हा बदल आम्ही नंतर केला. तो आधी असता तर आदल्या संध्याकाळी मला धोरणाला हात लावावा लागला नसता.

एका बाबतीत माझे आणि संपादकबाईंचे अजून एकमत नाही. मला वाटते की मोठे व्हिडिओ, ठरावीक संकेतस्थळावरच चालतील अशी मर्यादा घालता येणाऱ्या एखाद्या सशुल्क सेवेवर ठेवावेत, कारण वाचकाच्या इंटरनेटच्या वेगानुसार चित्राचा दर्जा कमी-जास्त करणे आमच्या एका सर्व्हरला जमत नाही. त्यांना फ्लॅशच्या वेळचा अनुभव विसरता येत नाही. सध्या मूळ चित्रण दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवायचे आणि दाखवायची फाईल कोठून जाते याचा निर्णय दर वर्षी नव्याने घ्यायचा, असे ठरले आहे.

ज्या रात्री व्हिडिओंच्या जागी स्थिर चित्रे लावली, त्या रात्री संपादकबाई उशिरापर्यंत कार्यालयात थांबल्या होत्या. ‘ते कसे, हे खाली पाहा’ हे वाक्य काढून त्यांनी सहा ओळी लिहिल्या : फिरती चाती एका हाताने थांबवायची, बॉबिनवरचे तुटलेले टोक चिमटीत शोधायचे, ते वर रुळांतून निघणाऱ्या तंतूंना टेकवायचे आणि पीळ धरला की क्षणात हात काढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ओळी काकांना फोनवर वाचून दाखवल्या, आणि काकांनी एक दुरुस्ती सांगितली : टोक टेकवायचे नाही, ‘सोडायचे’. व्हिडिओ आता सगळीकडे चालतो. त्या सहा ओळी काकांच्या दुरुस्तीसह त्याच्या वर तशाच ठेवल्या आहेत.